सौरपंप, उरलेली वीज आणि विहिरीचे पाणी

विहिरीतील पाणी वर काढण्यासाठी शेतकऱ्याने प्रथम मोट वापरली, नंतर तेलावर चालणारे इंजिन बसविले आणि पुढे विजेचा पंप घेतला. आता सूर्यप्रकाशापासून वीज तयार करणारी पॅनेल शेताच्या बांधावर दिसू लागली आहेत. ह्या प्रत्येक बदलाबरोबर पाणी काढण्याचे श्रम कमी झाले व उपसा वाढला. मोटेचे बैल थकत, म्हणून विहिरीसही विसावा मिळे. सूर्य थकत नाही. सौरपंपाचा प्रसार करताना ही गोष्ट ग्रामसेवकांनी व कृषि सहायकांनी प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

सौरपंपाचे लाभ उघड आहेत. एक लिटर डिझेल जळाले म्हणजे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. कोळशापासून केलेल्या एका युनिट विजेमागे तो सुमारे एक किलो असतो. पृथ्वीचे तापमान वाढविणाऱ्या वायूंत हाच प्रमुख होय. सौर पॅनेल वीज तयार करताना असा वायू सोडीत नाही. शिवाय पाणी दिवसा मिळते. रात्रीच्या पाळीत साप-विंचवाच्या भीतीने बारी धरणाऱ्या शेतकऱ्यास ह्या एका सोयीचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु पंप एकदा बसला की पुढील प्रत्येक युनिट जवळजवळ फुकट पडते, आणि अडचणीचा आरंभ येथूनच होतो. पाच अश्वशक्तीच्या पंपास सुमारे पाच किलोवॅटची पॅनेल लागतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ती अदमासे २० युनिट वीज देतात. पाणी १५ मीटर उचलावयाचे असेल व पंपाची एकूण कार्यक्षमता ४५ टक्के धरली, तर इतक्या विजेत सुमारे २ लक्ष २० हजार लिटर पाणी वर येऊ शकते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. झऱ्यांची आवक सोडून दिली तर एका दिवसाच्या उन्हात ह्या विहिरीची पातळी जवळजवळ आठ मीटर खाली जाईल! महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भागाखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत व वरच्या मुरुमाच्या थरात जे मुरले तेवढेच पाणी. खाली अखंड साठा नाही. सबब पंपाची शक्ती नव्हे, तर विहिरीची आवक हीच येथे खरी मर्यादा ठरते.

शेतकऱ्याने उपसा कमी करावा, असा केवळ उपदेश करून भागत नाही. न उपसलेल्या पाण्याबद्दल त्याच्या पदरी काही पडले पाहिजे. ह्या दृष्टीने गुजरात राज्यातील खेडा जिल्ह्यातील ढुंडी ह्या गावी झालेला प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. तेथील शेतकरी पूर्वी डिझेलच्या इंजिनांवर पाणी काढीत. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या साह्याने सहा शेतकऱ्यांनी सौरपंपधारकांची सहकारी मंडळी स्थापिली व सन २०१६ मध्ये तिची वीज सार्वजनिक तारांत जाऊ लागली. मध्य गुजरात वीज कंपनीने ती २५ वर्षे युनिटमागे ४ रुपये ६३ पैसे दराने घेण्याचा करार केला. संशोधन प्रकल्पातून युनिटमागे सव्वा रुपया स्वच्छ विजेबद्दल व आणखी सव्वा रुपया पाणी वाचविल्याबद्दल देण्यात आला. मोबदल्यात सभासदांनी २५ वर्षे सवलतीची वीजजोडणी न मागण्याचे मान्य केले. कंपनी मंडळीचे एकच मीटर वाची. आतील वाटणी मंडळी करी.

अशा रीतीने ऊन हे एक पीकच झाले. वर हिशेब केलेली २० युनिट वीज विहिरीवर खर्च न करता विकली, तर ढुंडीच्या दराने १४२ रुपये ६० पैसे होतात. तेवढी वीज उसाच्या सरीत जादा पाणी सोडण्यात घालवावी काय, हा प्रश्न मग शेतकरी आपणच आपणास विचारतो.

तथापि ह्या प्रयोगाचे मूल्यमापन सावधपणे करणे उचित होय. भांडवली खर्चाचा मोठा भाग प्रकल्पाने सोसला होता, आणि केवळ कंपनीचा दर मिळाला असता तर वरील रक्कम ९२ रुपये ६० पैशांवर आली असती. सभासद शेजाऱ्यांस पाणीही विकीत. गरीब शेजाऱ्याचे डिझेल त्यामुळे वाचले, परंतु भूगर्भातील पाणी वाचले असे त्यावरून म्हणता येत नाही. गाळाच्या भूमीतील अनुभव पाषाणाच्या भूमीस जसाच्या तसा लावणेही योग्य नाही.

गुजरात शासनाने सन २०१८ मध्ये अशाच धर्तीवर मोठी योजना काढली, आणि केंद्र शासनाच्या सन २०१९ च्या कुसुम योजनेच्या एका भागात वीजजोडणी असलेल्या पंपांची उरलेली सौरवीज विकत घेण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रात सन २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेखाली जे पंप दिले जातात ते तारांशी जोडलेले नसतात; शेतकऱ्यास खर्चाचा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास ५ टक्के वाटा भरावा लागतो. येथे उरलेली वीज विकता येत नाही. ती एकतर वाया जाते, नाहीतर पाणी उपसते. म्हणून अशा पंपाबरोबर ठिबक संच असणे अगत्याचे आहे. योग्य नियंत्रक बसविल्यास त्याच विजेवर कडबाकुट्टी किंवा पिठाची चक्कीही चालविता येते.

पंपाची शक्ती ठरविण्यापूर्वी विहिरीची परीक्षा करावी. हंगामाच्या अखेरीस, शक्यतो चैत्रात, सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी पाण्याची पातळी दोरीने मोजावी. नंतर विहीर नेहमीप्रमाणे उपसावी आणि पंप बंद केल्यावर पाणी पूर्वीच्या पातळीवर येण्यास किती तास लागतात ते पाहावे. ज्या विहिरीस ह्यासाठी दीड-दोन दिवस लागतात, तिच्यावर मोठा पंप बसविणे म्हणजे पैसा अडकविणे होय. तेथे तीन अश्वशक्तीही पुष्कळ होते. मोजलेले आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावे आणि पुढील चैत्रात त्याच खुणेपासून पुन्हा मोजावे.