बालकांतील कृमिदन्त आणि रात्रीचे चाटण

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कृमिदन्तकाची लक्षणे सांगितली आहेत: काळे छिद्र, हलणारा दात, स्राव, शोथ आणि कारणावाचून उठणारी वेदना. आधुनिक शास्त्रानुसार दातांवरील थरातील जंतू शर्करेपासून आम्ल निर्माण करतात व त्याने दाताचे कवच विरघळते. शर्करा किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा व किती काळ दातांशी राहिली यालाही महत्त्व आहे. झोपेत लालास्राव मंदावत असल्याने रात्रीचा गोड घास सर्वाधिक घातक ठरतो.

येथे आपल्याच औषधांकडे पाहावे लागते. सितोपलादि चूर्णाच्या ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखरेचे असतात. ते मधात कालवून निजताना चाटविले की औषध कफावर लागू पडते, परंतु शर्करा रात्रभर दुधाच्या दातांवर राहते. अवलेह व गोड सिरप यांचेही तसेच. बीड जिल्ह्यात याचे गांभीर्य अधिक आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. थंडीतल्या खोकल्याचे औषध सोबत बांधून नेले जाते. पहाटेच फडात जाणाऱ्या मातेला कोपीवर राहिलेल्या मुलाचे दात घासून घेण्यास सवड नसते.

औषध बंद करावे असे आमचे म्हणणे नाही, वेळ बदलावी. चाटण सायंकाळच्या जेवणापूर्वी द्यावे, पाण्याने चूळ भरावी, दात घासल्यावर पाण्याखेरीज काही देऊ नये. औषधालयचालकांनी पुडीवर ही सूचना ठळक लिहावी. एक वर्षाखालील बालकास मध देऊच नये. दोन वेळा दन्तधावन करावे, हे तर चरकाचार्यांचेच वचन आहे.

नव्या संशोधनात सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा लेप लक्षणीय आहे. तो कीड थांबवितो, मात्र किडलेला भाग काळा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यास आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. न्यूयॉर्कच्या शाळांतील चाचणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तो सीलंटहून उणा ठरला नाही. हे काम दंतवैद्याचे. काळे छिद्र दिसताच मुलास तिकडे पाठविणे हे आपले. ज्येष्ठमधाच्या चिनी जातीतील ग्लिसिरायझॉल हे द्रव्य दंतक्षयाच्या जंतूंवर प्रभावी असल्याचे २००६ मध्ये प्रयोगशाळेत आढळले. तेवढ्यावरून ज्येष्ठमधाची गोळी ‘दंतरक्षक’ म्हणून विकणे आम्हास मान्य नाही.

फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. ती गिळू देऊ नये. आपल्या जिल्ह्यातील काही विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेहून अधिक आहे. तेथील मुलांच्या दातांवरील पांढुरके वा तपकिरी डाग कृमिदन्त समजून उपचार करू नयेत. आधी पाण्याची तपासणी करवून घ्यावी. आणि घरात मशेरी भाजली जात असेल, तर ती मुलाच्या हाती जात नाही ना, हे विचारावेच.