प्राध्यापक, राजदूत आणि सुरक्षातज्ज्ञ : एका आयुष्यात जमतं का?

प्रश्न : मी राज्यशास्त्रात एम.ए. करते आहे. शिकवायचंही आहे, परराष्ट्र खात्यात जायचंही आहे आणि शेजारी देशांच्या सुरक्षेवर कामही करायचं आहे. घरचे म्हणतात, आधी एक काय ते ठरव. तिन्ही साधलेला मराठी माणूस आहे का?
– एक वाचक, सोनई (ता. नेवासा)

उत्तर : यांपैकी दोन-दोन साधलेले आहेत की! पण तिन्हीकडे शिरायच्या वाटा निराळ्या.

रँग्लर र. पु. परांजपे १९०२ पासून वीसेक वर्षं फर्ग्युसनचे प्राचार्य होते. पुढे १९४४ साली ते ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर झाले. सरकारने शिक्षणक्षेत्रातला माणूस नेमला. अशा नेमणुका आता क्वचितच होतात.

वसंत वासुदेव परांजपे यांची गोष्ट उलटी. १९४७ साली सरकारी शिष्यवृत्तीवर ते पेकिंग विद्यापीठात चिनी शिकायला गेले, तिथूनच भारतीय वकिलातीत शिरले. १९५४ मध्ये नेहरू माओंना भेटले तेव्हा दुभाषाचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे राजदूत झाले आणि निवृत्तीनंतरही चीनवर लिहीत राहिले.

तिसरे विजय गोखले. दिल्लीत इतिहासात एम.ए., १९८१ साली परराष्ट्र सेवा. २०१७ मध्ये डोकलामला भारत-चीनचं सैन्य ७३ दिवस समोरासमोर उभं होतं, तेव्हा ते बीजिंगला आपले राजदूत होते. वाद भूतानच्या पठारावरल्या रस्त्याचा. पण खाली सिलिगुडीची चिंचोळी पट्टी. ईशान्य भारत उरलेल्या देशाला जोडला आहे तो तिथेच. दोन देशांचं भांडण तिसऱ्याच्या जमिनीवर कसं पेटतं, हे त्यातून कळतं. २०१८ ते २०२० गोखले परराष्ट्र सचिव होते. निवृत्तीनंतर चीनवर पुस्तकं लिहिली.

वसंत परांजपे आणि गोखले या दोघांनी एकच देश आणि त्याची भाषा आयुष्यभर धरून ठेवली. सुरक्षेच्या कामात नुसतं सर्वसाधारण ज्ञान फार दूर नेत नाही.

आता तुमचं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गात वयाची अट ३२ वर्षं आहे; राखीव प्रवर्गांना सवलत मिळते. नेट आणि पीएच.डी. मात्र नंतरही करता येतात. म्हणून परराष्ट्र सेवेची ओढ खरी असेल तर तो प्रयत्न आधी करा. निवड झाली तर परकी भाषा खातंच शिकवतं. नाही झाली तरी संशोधनाची वाट खुली राहते : राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळावर निवृत्त राजदूत आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या जोडीला अभ्यासकही नेमले जातात. त्यासाठी दिल्लीलाच जायला हवं असंही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातली महाविद्यालयं ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, तिथेच संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे.

घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एक काय ते ठरवाच. पण ते नोकरीचं नाव नको, देशाचं ठरवा. म्यानमार, श्रीलंका, चीन यांपैकी कुठलाही. आणि त्याची भाषा या वर्षीच सुरू करा.