बरा करू की बाहेर काढू?

प्रश्न : माझ्या कादंबरीतला थोरला भाऊ दहाव्या प्रकरणात मनाने पार कोसळतो. पुढे त्याला बरा करावा, की कथेतून काढून टाकावा?

उत्तर : काढून का टाकायचंय, हे आधी स्वतःला विचारा. बरेचदा तो लेखकालाच झेपेनासा झालेला असतो. मग एका परिच्छेदात मृत्यू, नाहीतर येरवड्याच्या मनोरुग्णालयात रवानगी. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’ नाटकात शेवटी वेड जिंकतं, पण त्याची सावली घराण्यावर आधीपासून असते, म्हणून ते पटतं.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा ‘देवराई’ (२००४) हा सिनेमा पाहा. त्यातला शेष स्किझोफ्रेनियातून ठणठणीत होत नाही. उपचार आणि बहिणीचा धीर यांवर आजारासकट जगायला लागतो. मला हा रस्ता जास्त कसदार वाटतो. लग्न लावून किंवा एकदा पोटभर रडवून तुमच्या पात्राला बरा मात्र करू नका. (जुन्या सिनेमात डोक्याला मार लागून स्मृती परतायची, त्यातलाच प्रकार!) त्याला गोळ्यांची सुस्ती येऊ द्या, मधेच त्या सोडू द्या, पुन्हा घसरू द्या. पाहुणे आले की आई त्याच्या खोलीचं दार ओढून घेते का, तेही लिहा. दोन-तीन प्रकरणं तो नुसता त्या दाराआड असला तरी चालेल.