पिस्तूल नेमबाजी : साधने आणि नियम

पिस्तूल हे मुळात जवळच्या अंतरावर, घाईच्या क्षणी वापरण्याचे शस्त्र आहे. रायफलीला खांद्याचा आधार असतो, दुसऱ्या हाताचा आधार असतो, झोपून नेम धरायचा असेल तर जमिनीचाही आधार मिळतो. पिस्तूल मात्र लांब केलेल्या एकाच हाताच्या टोकाशी असते आणि शरीरातील प्रत्येक हालचाल त्या टोकापर्यंत पोहोचते. श्वास, नाडीचा ठोका, पोटऱ्यांतील सूक्ष्म डोल, यांतील काहीच लपत नाही. अशा शस्त्राने दूरवरचा बारीकसा बिंदू वेधायचा, हा या खेळाचा गाभा होय. १८९६ साली अथेन्सला भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांपासून पिस्तूल नेमबाजीला तेथे स्थान आहे. तिचे नियम तेव्हापासून अनेकदा बदलले. परंतु एक गोष्ट टिकून राहिली. ऑलिंपिकमध्ये खेळल्या जाणाऱ्या प्रत्येक पिस्तूल प्रकारात नेमबाज आजही एकाच हाताने नेम धरतो. चित्रपटांत दोन्ही हातांनी पिस्तूल रोखलेले पाहण्याची सवय झालेल्या वाचकाला याचे नवल वाटेल.

नवशिक्याने आरंभ करावयाचा तो दहा मीटर एअर पिस्तुलाने. या पिस्तुलात दारू नसते. नळीखालच्या लहानशा नळकांड्यात दाबून भरलेली हवा साडेचार मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा पुढे ढकलते. या नळकांड्यालाही आयुष्य ठरलेले आहे. ते दहा वर्षांपेक्षा जुने असता कामा नये आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूची असते. पिस्तुलाचे वजन सर्व साहित्यासह दीड किलोपेक्षा अधिक चालत नाही. ते ४२० मिलिमीटर लांब, २०० मिलिमीटर उंच आणि ५० मिलिमीटर रुंद अशा पेटीत पूर्ण मावले पाहिजे. स्पर्धेपूर्वी साधनतपासणीच्या टेबलावर अशी पेटी खरोखरच ठेवलेली असते आणि पिस्तूल तीत घालून पाहिले जाते. दुर्बीण किंवा भिंग असलेले नेमयंत्र वर्ज्य. पुढे एक माशी आणि मागे एक खाच, एवढ्यावरच भागवावे लागते.

दहा मीटरवरील लक्ष्याचे मधले वर्तुळ, ज्याला दहा गुण मिळतात, ते अवघे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते. सदऱ्याची गुंडी डोळ्यांसमोर आणली म्हणजे त्याची कल्पना येईल. अशा साठ गोळ्या पंचाहत्तर मिनिटांत झाडावयाच्या असतात. त्यापूर्वी सरावाच्या गोळ्यांसाठी पंधरा मिनिटे मिळतात. स्त्रियांसाठी पूर्वी चाळीसच गोळ्या असत. २०१८ पासून दोघांसाठीही साठ झाल्या. हा भेद का ठेवला होता, याचे पटण्याजोगे कारण प्रस्तुत लेखकाला कधी सापडले नाही.

आता नेम म्हणजे नक्की काय, हे पाहू. नवशिक्याची नजर स्वभावतःच लक्ष्यावर खिळते. काळे वर्तुळ स्पष्ट दिसावे म्हणून तो धडपडतो आणि तेथेच चुकतो. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होऊ शकतो; म्हणून स्पष्ट दिसावयास हवी ती माशी, आणि लक्ष्य अंधुक राहिले तरी चालते. याचे कारण साध्या भूमितीत आहे. पंचवीस मीटरवरील पिस्तुलात माशी आणि खाच यांच्यामधील अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकते. खाचेच्या मध्यापासून माशी अर्धा मिलिमीटर सरकली, तर पंचवीस मीटरवर ही चूक सुमारे ११४ पट वाढून जवळजवळ ५७ मिलिमीटर होते. तेथील स्थिरनेमाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे मध्यापासून २५ मिलिमीटरपर्यंत असते. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने गोळी सरळ आठच्या वर्तुळात जाते. उलट, माशी आणि खाच एका रेषेत ठेवून सबंध हातच पाच मिलिमीटर इकडेतिकडे डोलला, तर गोळीही तेवढेच पाच मिलिमीटर सरकते आणि दहाच्या आतच राहते. हात थरथरतो म्हणून निराश होणाऱ्या मुलांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. थरथर कोणाचीच पूर्णपणे जात नाही.

हात डोलत असताना माशी खाचेत ठेवणे साधले, तरी चाप ओढण्याच्या क्षणी सर्व बिघडू शकते. घाईने ओढलेला चाप माशीला खाली आणि बाजूला खेचतो. म्हणून चापावर किती दाब हवा, याविषयीचे नियम अत्यंत काटेकोर आहेत. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम आणि पंचवीस मीटरच्या पिस्तुलांचा किमान १००० ग्रॅम वजन पेलणारा असला पाहिजे. तपासणीची रीत जुन्या तराजूची आठवण करून देते. पिस्तुलाची नळी उभी धरून चापाला ठरावीक वजन अडकवतात आणि ते टेबलावरून अलगद उचलतात. चाप न सुटता वजन वर आले म्हणजे पिस्तूल उत्तीर्ण झाले. यासाठी जास्तीत जास्त तीन प्रयत्न दिले जातात. ही तपासणी सामना संपल्याबरोबर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नेमबाजांचीही होते आणि तीत अपयश आले तर सर्व गुण जाऊन खेळाडू बाद ठरतो. हलका चाप किंचित स्पर्शानेही सुटतो, त्यामुळे तो वापरणाऱ्याला अन्याय्य सवलत मिळते. हाच नियम सुरक्षिततेच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे, हे वेगळे सांगावयास नको.

मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते आणि खेळाडूच्या तळहाताच्या मापाने कोरून घेतात. वाल्थर, स्टायर, मोरिनी, पार्दिनी या युरोपीय कारखान्यांची पिस्तुले जगभर वापरात आहेत. पण उत्तम पिस्तुलालाही दुसऱ्याच्या हाताची मूठ बसवली असेल तर त्याचा उपयोग थोडाच. मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. पिस्तूल धरणाऱ्या हातावर घड्याळ, कडे किंवा पट्टा चालत नाही आणि मनगट मोकळे दिसले पाहिजे. पादत्राणे घोटा झाकणारी नसावीत. न वापरत्या डोळ्यासमोर ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी लावता येते; तो डोळा मिटून चेहऱ्याचे स्नायू ताणण्यापेक्षा हे बरे. रायफल नेमबाजाच्या जाड, ताठ अंगरख्यासारखे येथे काहीच नाही. कान झाकणे मात्र प्रत्येकाने पाळावे, कारण शेजारच्या काडतुसाचा आवाज आपल्याला पूर्वसूचना देत नाही.

पंचवीस मीटर पिस्तूल हा स्त्रियांचा ऑलिंपिक प्रकार आहे. त्यात पॉइंट बावीसची काडतुसे वापरतात, पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत असते आणि ते पाच गोळ्या भरून चालवले जाते. सामन्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात तीस गोळ्या स्थिर नेमाने झाडतात. पाच गोळ्यांच्या प्रत्येक फेरीस पाच मिनिटे मिळतात. दुसरा भाग अगदी निराळ्या स्वभावाचा आहे. हात खाली, उभ्या रेषेपासून पंचेचाळीस अंशांच्या आत ठेवून उभे राहावयाचे. तीन सेकंद संधी मिळते, त्यात हात उचलून एकच गोळी झाडावयाची आणि पुन्हा हात खाली न्यावयाचा. सात सेकंदांनी पुढची संधी. अशा तीस गोळ्या. पहिल्या भागात ज्याचा संयम उपयोगी पडला, त्याला दुसऱ्या भागात तोच संयम नडू शकतो; तीन सेकंदांत सर्वोत्तम क्षणाची वाट पाहात बसता येत नाही.

या प्रकारात महाराष्ट्राचे नाव जगापुढे नेले ते कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पुण्याच्या अनिसा सय्यद यांच्यासह त्यांनी जोडीचे सुवर्णपदक मिळवले. २०१३ साली दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे विश्वचषक स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. मध्यंतरी कोपराच्या दुखापतीने त्यांना मोठा खंड पडला. पिस्तूल नेमबाजाच्या दृष्टीने कोपर म्हणजे तोफेचा गाडा. तो मोडला तर तोफ कितीही चांगली असून काय उपयोग? त्या परतल्या. मंगोलियात जन्मलेल्या आणि पुढे जर्मनीकडून खेळलेल्या, याच प्रकारात दोन ऑलिंपिक कांस्यपदके मिळवणाऱ्या मुंखबायार दोर्जसुरेन या त्यांच्या प्रशिक्षक होत्या.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील पालेंबांग येथे आशियाई क्रीडा स्पर्धेतील या प्रकाराची अंतिम फेरी झाली. अंतिम फेरीची गुणपद्धती आधी समजून घेतली पाहिजे. तेथे वर्तुळांचे गुण मोजत नाहीत, गोळी १०.२ किंवा त्याहून अधिक गुणांच्या जागी लागली तर एक, न लागली तर शून्य. म्हणजे दहाच्या वर्तुळाच्या कडेला लागलेली गोळीही वाया जाते. जसजशा फेऱ्या होतात तसतसा सर्वांत मागे असलेला खेळाडू बाहेर पडतो. शेवटी दोघी उरतात आणि पन्नास गोळ्यांनंतर ज्याचे वेध अधिक तो विजेता. त्या दिवशी पन्नास गोळ्या संपल्या तेव्हा राही सरनोबत आणि थायलंडच्या नफास्वान यांगपायबून यांचे प्रत्येकी ३४ वेध झाले होते. नियमाप्रमाणे पाच गोळ्यांची बरोबरी-फेरी झाली. दोघींचेही पाचांपैकी चार वेध लागले. पुन्हा पाच गोळ्या. या वेळी राहींचे तीन आणि नफास्वान यांचे दोन. एका गोळीच्या फरकाने सुवर्णपदक ठरले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

साधन बिघडले तर काय, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे येतो. पंचवीस मीटरच्या प्रकारात गोळी सुटली नाही, तर नेमबाजाने पिस्तूल लक्ष्याच्या दिशेनेच धरून ठेवावयाचे आणि मोकळा हात वर करावयाचा. स्वतः पिस्तूल उघडून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. पंच येऊन पाहतो. काडतूस फुटले नाही किंवा यंत्रणा अडकली असेल, तर तो बिघाड ग्राह्य ठरतो. नेमबाज सुरक्षेची कळ काढावयास विसरला, गोळ्या भरावयास विसरला, किंवा पंच येण्यापूर्वीच त्याने पिस्तूल उघडले, तर बिघाड अग्राह्य आणि त्या गोळीचे गुण गेले. विसरण्याला क्षमा नाही; नशिबाला काही प्रमाणात आहे.

दहा मीटरवर नशिबालाही फारशी सवलत मिळत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी हरियाणाच्या मनू भाकर यांनी पहिल्या दहा गोळ्यांत ९८ गुण मिळवले होते. दुसऱ्या फेरीत त्यांच्या पिस्तुलाचा छर्रा भरण्याचा दांडा मोडला. दुरुस्ती होऊन त्या परत उभ्या राहिल्या तेव्हा ४४ गोळ्या शिल्लक होत्या आणि वेळ ३६ मिनिटे. त्यांचे ५७५ गुण झाले. अंतिम फेरीची रेषा ५७७ वर होती. दोन गुण, साठ गोळ्यांत. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळवले.

रेंजवरील शिस्त नियमपुस्तकाच्या आरंभीच येते आणि तेच योग्य आहे. पिस्तूल पेटीतून बाहेर निघाले की त्याचे तोंड लक्ष्याकडेच. न भरलेल्या पिस्तुलाच्या नळीत नारिंगी रंगाची सुरक्षा-पट्टी घातलेली असते, म्हणजे ते रिकामे आहे हे लांबूनही दिसावे. ‘लोड’ची आज्ञा होईपर्यंत गोळी भरावयाची नाही आणि ‘स्टॉप’ म्हटल्यावर एक गोळीही झाडावयाची नाही. लोक लक्ष्याजवळ गेलेले असताना शस्त्राला हातही लावता येत नाही. मुलांना हे प्रथम शिकवावे, नेम नंतर.

हा मजकूर रायपुरात लिहिला जात आहे, म्हणून परवान्याविषयी दोन शब्द. मर्यादित शक्तीच्या, साडेचार मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही; त्यामुळे हवेच्या पिस्तुलाने आरंभ करणे सर्वच दृष्टींनी सोयीचे ठरते. पॉइंट बावीसचे पिस्तूल मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. स्वतःच्या नावाचा परवाना मिळण्यास एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात वैध आहे हे लिहिलेले असते आणि खेळाडू ते वाचण्याचे बहुधा विसरतात. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. आज मात्र रायपूरचा नेमबाज सरावासाठी नागपूरला निघाला तर डोंगरगड मागे पडल्यावर गाडी दुसऱ्या राज्यात शिरते, आणि केवळ छत्तीसगडपुरता वैध असलेला परवाना तेथे पुरत नाही. प्रवासाला निघण्यापूर्वी ही बाब आपल्या जिल्ह्याच्या परवाना शाखेकडून निश्चित करून घ्यावी आणि पिस्तूल व काडतुसे वेगवेगळ्या कुलूपबंद पेट्यांत ठेवावीत.

पुढची वाट राज्य संघटनेच्या स्पर्धेतून जाते. तेथे ठरलेले किमान गुण मिळवणारे नेमबाज अखिल भारतीय ग. वा. मावळंकर नेमबाजी स्पर्धेत उतरतात आणि तेथून राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होते. लोकसभेचे पहिले सभापती म्हणून मावळंकर सर्वांना ठाऊक आहेत. परंतु १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते, ही गोष्ट नेमबाजांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच कोणाला ठाऊक असते.