चला, मृत्युपत्र लिहायला बसू

जेवणाचं टेबल रिकामं करा, वही-पेन घ्या आणि घरातली कागदपत्रांची पिशवी समोर ओता. विषय ऐकून कुणी ‘शुभ बोला’ म्हणेल, म्हणू द्या. तुमच्यामागे भावाबहिणींनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नयेत म्हणूनच तर आपण बसलोय. फक्त पायऱ्या याच क्रमाने घ्या.

१. यादी करा. घर, शेती, मुदत ठेवी, पीपीएफ, डीमॅट, विमा, दागिने, लॉकर, सगळं उतरवा. डोक्यावर असलेलं कर्जही लिहा. शेताचा गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्यावरून घ्या, फ्लॅटचा तपशील इंडेक्स टू आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरून. आठवणीवर विसंबू नका, कारण एक आकडा चुकला तरी पुढे फेरफाराला अडतं. दागिना ओळखू येईल असा लिहा: नुसता ‘हार’ नको, ‘आईकडून आलेली चार तोळ्यांची मोहनमाळ’ असं हवं.

२. प्रत्येक नोंदीपुढे मालकी लिहा. स्वकष्टार्जित, वडिलोपार्जित की दोघांच्या नावावर? वडिलोपार्जित किंवा सामाईक मिळकतीतला फक्त स्वतःचा हिस्सा तुम्हाला देता येतो. भावाचा वाटा चुकून वाटून टाकू नका!

३. नॉमिनी तपासा. पासबुकं, सोसायटीचा अर्ज, म्युच्युअल फंड, सगळीकडे कुणाचं नाव आहे ते बघा. इथे भले भले फसतात. सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव आहे म्हणजे फ्लॅट त्याचा झाला, असं होत नाही. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनीही आपोआप मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव शक्यतो एकच ठेवा.

४. कुणाला काय ते ठरवा. पत्नीच्या डोक्यावरचं छप्पर आधी पक्कं करा, मुलांचं नंतर. हे माझं ठाम मत आहे. मुस्लिम कायद्याप्रमाणे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, आणि गोव्यात निम्मी मिळकत ठरावीक वारसांसाठी राखीव असते, शिवाय मृत्युपत्र नोटरीसमोर करावं लागतं. या दोन्ही बाबतींत पुढे जाण्याआधी वकिलांना भेटा.

५. एक्झिक्युटर नेमा. वाटप प्रत्यक्षात करून देणारा हा माणूस तुमच्याहून तरुण आणि घरात सगळ्यांना मान्य असलेला बघा. त्याला न विचारता नाव घालू नका.

६. मजकूर लिहा. साधा कोरा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. नाव, वय, पत्ता, ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत’, मग एकेक वस्तू आणि तिच्यापुढे घेणाऱ्याचं पूर्ण नाव. ‘मुलांनी समजुतीने वाटून घ्यावे’ असं मोघम लिहू नका, भांडण नेमकं तिथेच शिरतं. शेवटी ‘यात न आलेली उर्वरित मिळकत अमुक व्यक्तीला’ हे वाक्य हवंच.

७. दोन साक्षीदार बोलवा. शेजारी, मित्र, फॅमिली डॉक्टर, कुणीही सज्ञान चालेल. ज्यांना काही मिळणार आहे ते आणि त्यांचे नवरा-बायको मात्र टाळा.

८. दोघांसमोर सही करा. प्रत्येक पानावर, शेवटी तारखेसह. आधीच सही करून ठेवू नका! वय जास्त असेल तर मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा घ्या.

९. साक्षीदारांच्या सह्या घ्या. त्याही तुमच्या डोळ्यांदेखत. कागद त्यांच्या घरी पाठवून सह्या मागवल्या, तर आतापर्यंतची मेहनत वाया जाऊ शकते.

१०. नोंदणी करा. सक्तीची नाही, पण मी तर करून टाका म्हणेन. दोन्ही साक्षीदारांना घेऊन, ओळखपत्रांसह दुय्यम निबंधक कार्यालयात जा.

११. मूळ प्रत ठेवल्याची जागा एक्झिक्युटरला सांगा. ती एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका, कारण तो उघडायलाच घरच्यांना खेटे घालावे लागतील.

पुढे घरात लग्न झालं, नातवंड आलं, जमीन विकली, तर जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. नवीन मृत्युपत्र करा आणि सहाव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.