वितळणारे रबर आणि ‘जिवंत’ साखळी

प्रश्न : आमच्या तुळिंजच्या गाळ्यात बुटांचे टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) सोल निघतात. साच्याच्या वाटेत उरलेला रनर ग्राइंडरमध्ये दळून आम्ही पुन्हा मशीनला लावतो. टायरचे रबर मात्र वितळत नाही, जळते. ताणले जाते दोन्ही, मग हा फरक का? आणि अशी रबरे ‘जिवंत’ पद्धतीने बनवतात म्हणे. त्यात जिवंत काय असते?

उत्तर : आधी टायर पाहू. रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. नुसता गुंता ओढला तर साखळ्या एकमेकींवरून घसरतात आणि पुन्हा जागेवर येत नाहीत. त्या परत याव्यात म्हणून मधेमधे गाठी लागतात. टायरमध्ये गंधकाच्या गाठी असतात. चार्ल्स गुडइयरला ही युक्ती १८३९ मध्ये सापडली. हे पक्के रासायनिक बंध आहेत. तापवल्यावर ते सुटून साखळ्या मोकळ्या होत नाहीत, सगळेच जळू लागते.

तुमच्या सोलमध्येही गाठी आहेत, पण गंधकाच्या नव्हेत. तिथल्या प्रत्येक साखळीचे तीन भाग असतात : मधला लांब भाग लवचीक, दोन्ही टोके कडक पॉलिस्टायरीनची. टोकांचे आणि मधल्या भागाचे जमत नाही, म्हणून शेजारपाजारच्या साखळ्यांची टोके एकत्र येऊन बारीक गोळे करतात. हे गोळेच गाठींचे काम करतात. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडते. गाठी सुटतात, माल वाहू लागतो. थंड झाला की गाठी पुन्हा बसतात. म्हणून तुमचा रनर वाया जात नाही.

मात्र हे तीन भाग क्रमानेच हवेत. पॉलिस्टायरीनचे सुटे रेणू, म्हणजे स्टायरीन, आणि रबराचे सुटे रेणू एकाच भांड्यात कालवले तर साखळीत त्यांची सरमिसळ होते, कडक टोके तयार होत नाहीत. इथे ‘जिवंत’ हा शब्द येतो.

जीवजंतूंशी त्याचा संबंध नाही. माल आपोआप कुजतो असाही अर्थ नाही. गजरा आठवा. दोऱ्याला शेवटची गाठ मारली की गजरा संपला. गाठ मारली नाही, तर मोगरा संपल्यावर अबोली ओवता येते. साखळीचे टोक असे वाढते राहिले, तर ती ‘जिवंत’. मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ मध्ये ऋणभारित टोकांनी हे साधले. सोलमधले नेहमीचे टीपीआर याच वाटेने बनते.

त्यात एक उणीव राहते. सोलच्या मधल्या भागात दुहेरी बंध शिल्लक असतात. हवेतला ओझोन आणि ऊन तिथेच घाव घालतात, म्हणून जुना सोल तडकतो. मधला भाग आयसोब्युटिलीन या दुसऱ्या रेणूचा केला, तर त्या साखळीत असे बंध जवळजवळ नसतात आणि तिच्यातून हवाही सहजी जात नाही. अडचण एवढीच, की आयसोब्युटिलीन ऋणभारित टोकाला जुमानत नाही. त्याला धनभारित, म्हणजे कॅटायनिक, टोक लागते. हे टोक फार उतावळे. ते पटकन प्रोटॉन सोडून देते आणि साखळी तिथेच संपते.

उपाय निघाला तो टोकाला बहुतेक वेळ झोपवून ठेवण्याचा. टोकावर क्लोरीनचे झाकण असते. टायटॅनियम टेट्राक्लोराइड ते क्षणभर काढते, थोडे रेणू जोडले जातात, झाकण परत बसते. हे सारे उणे ८० अंशांच्या आसपास चालते. सुरुवात मधून करतात, त्यामुळे साखळी दोन्ही बाजूंना वाढते. आयसोब्युटिलीन संपत आले की स्टायरीन घालतात, आणि शेवटी मिथेनॉल टाकून गाठ मारतात. जपानमध्ये हिगाशिमुरा आणि सावामोतो यांनी १९८४ मध्ये दुसऱ्या रेणूंवर जिवंत कॅटायनिक पद्धत दाखवली. आयसोब्युटिलीनवर ती अमेरिकेतल्या ॲक्रन विद्यापीठात जोसेफ केनेडी आणि रुडॉल्फ फाउस्ट यांनी १९८६ मध्ये जमवली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पुढे संचालक झालेले डॉ. स्वामिनाथन शिवराम यांनी त्याआधी, तरुणपणी, याच केनेडींकडे संशोधन केले होते.

एवढ्या थंडीचा खर्च चपलेला परवडत नाही, हृदयाला परवडतो. २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या टॅक्सस स्टेंटवर, म्हणजे हृदयाची धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीवर, औषध धरून ठेवणारा थर याच स्टायरीन-आयसोब्युटिलीन रबराचा होता.

जाता जाता एक सूचना. पावसाच्या पाण्यात भिजलेले बूट गॅसच्या शेगडीजवळ वाळत घालू नका. ज्या गुणामुळे तुमचा रनर पुन्हा वापरता येतो, त्याच गुणामुळे तिथे सोल वाकडा होईल.