सिमेंटचे पत्रे उतरवताना: पैसे कुठे लागतात, काटकसर कुठे नको

पावसाळा तोंडावर आला की घरोघरी छताचा विषय निघतो. जुने सिमेंटचे पत्रे काढून कलर कोटेड पत्रे टाकायचं ठरतं. फॅब्रिकेटर येतो, टेप लावून माप घेतो आणि ठोक आकडा सांगतो. जुने पत्रे उतरवण्याचं काम त्या आकड्यात कुठेतरी मिसळलेलं असतं, नाहीतर "ते आमचं आम्ही बघतो" म्हणून फुकटात धरलेलं असतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की हे काम कोटेशनमध्ये वेगळं लिहून घ्या आणि त्याचे पैसे वेगळे द्या.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात साधारण आठ ते दहा टक्के अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड आहे, छतावर शांत पडून आहे, तोवर तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेले राहतात. त्याच्याखाली झोपलो म्हणून घाबरून जायचं कारण नाही. धोका सुरू होतो तो पत्रा फोडला, कापला, भोक पाडलं किंवा शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने घासला की. गंजलेला हुक सुटत नाही म्हणून पोऱ्या ग्राइंडर लावतो, पांढरी धूळ उडते, त्याच्या पापण्यांवर आणि गळ्यातल्या टॉवेलवर बसते. दुपारी त्याच टॉवेलने तोंड पुसून तो डबा खायला बसतो. डोळ्यांना न दिसणारे तंतू तोवर श्वासातून आत गेलेले असतात. शरीर ते विरघळवू शकत नाही.

फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग बहुतांशी या तंतूंमुळेच होतो. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या खाणपट्ट्यातल्या ३३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हा संबंध जगापुढे आला. त्यांतले काही जण खाणीत कधी उतरलेच नव्हते, नुसते त्या भागात राहत होते. कामगाराचे कपडे धुणाऱ्या बायकोलाही हा आजार झाल्याची उदाहरणं आहेत. धूळ श्वासात जाणं आणि आजार दिसणं यात वीस ते पन्नास वर्षं जातात, त्यामुळे आज पत्रा कापणाऱ्या पोराला उद्या काहीच होत नाही आणि सगळ्यांना वाटतं, काही नसतं हो. आपल्या पत्र्यांत वापरला जाणारा पांढरा अॅस्बेस्टॉस म्हणजे क्रिसोटाइल. तोही कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेचं स्पष्ट मत आहे. अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे पत्रे अजून सर्रास विकले जातात.

आता हिशोब. छताचं माप पाचशे चौरस फूट धरू. हे माप जमिनीचं नव्हे, पत्र्याचं. उतार आणि पाखं धरून ते जमिनीपेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त भरतं. पुढचे दर ढोबळ अंदाज आहेत, गावागणिक बदलतील, म्हणून तीन ठिकाणचे भाव घ्या. कलर कोटेड पत्रा चौरस फुटाला ४५ ते ७० रुपये, म्हणजे २२,५०० ते ३५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी. तोंडी भावात तो धरलाय का, हे आधीच विचारा, नाहीतर बिलाच्या वेळी चार-सहा हजारांचा फरक पडतो. बसवणावळ १५ ते ३० रुपये. खालचा लोखंडी सांगाडाच बदलायचा असेल तर हिशोब वेगळा, सगळं मिळून चौरस फुटाला १५० ते २५० रुपयांपर्यंत जातो.

पत्रा घेताना जाडीत फसवणूक होते. ०.५० मिलिमीटर सांगून ०.४० चा पत्रा येतो. जाडी, कंपनी आणि कोटिंग बिलावर लिहून घ्या. किनारपट्टीवर खाऱ्या हवेसाठी अॅल्युमिनियम-झिंकचं १५० ग्रॅमचं कोटिंग मागा. सिमेंटचाच पत्रा हवा असेल तर अॅस्बेस्टॉसविरहित मिळतो. त्यावर आयएस १४८७१ हा मानक क्रमांक बघा. आयएस ४५९ म्हणजे अॅस्बेस्टॉसचा. जुन्या पत्र्यावर काही छापलेलं दिसत नसेल तर अॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला.

उतरवणीचा खर्च असा: तीन माणसं, दोन दिवस, रोजी ८०० ते १,२०० रुपये, म्हणजे ४,८०० ते ७,२००. एफएफपी३ दर्जाचे मास्क, जाड प्लॅस्टिक, चिकटपट्टी, फवारणी पंप मिळून तीन-चार हजार. तोंडाला बांधलेला रुमाल या तंतूंना अडवत नाही. टेम्पोचे दोन-तीन हजार. पाचशे चौरस फुटांचे पत्रे सातशे किलोच्या आसपास भरतात, छोट्या हत्तीची एक खेप. सांगाडा तोच ठेवला तर एकूण सगळा खर्च ४५ ते ७० हजारांत बसतो आणि त्यात सुरक्षिततेचं सामान तीन-चार हजारांचंच आहे. काटकसर दुसरीकडे करा.

कामाची रीत ठेकेदाराला आधी सांगा. साबणाचं पाणी फवारून पत्रा ओला करायचा, ग्राइंडर पत्र्याला लावायचा नाही, हुकाचे नट सोडवायचे किंवा हुक कापायचा, पत्रा अखंड उतरवायचा, वरून फेकायचा नाही. दहा फुटी पत्रा चाळीस किलोपर्यंत भरतो, दोघांनी धरायचा. पत्र्यावर पाय द्यायचाच नाही. जुना पत्रा पायाखाली फुटून माणूस थेट खाली येतो, म्हणून सांगाड्यावर फळ्या टाकायच्या. खाली पडलेला चुरा झाडूने झाडायचा नाही, ओल्या फडक्याने टिपून फडक्यासकट पिशवीत बांधायचा. लहान मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

उतरवलेले पत्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला विचारून त्यांनी सांगितलेल्या जागीच टाका. फोडून भरावात घालू नका, खुराड्यासाठी कुणाला देऊ नका. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत असे तुकडे अंगणाअंगणात पडले होते. गोदाम किंवा कारखान्याची मोठी शेड असेल तर तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रांकडून वजनावर भाव मागवा.

अॅस्बेस्टॉसची धूळ उडणाऱ्या कामांत, म्हणजे ब्रेक लायनिंगचा कारखाना, बॉयलरचं उष्णतारोधक लॅगिंग, मुंबईच्या दारूखान्यातली जहाजतोडणी किंवा पत्र्यांची कामं यांत, ज्यांची उमेदीची वर्षं गेली त्यांच्यासाठी दोन शब्द. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अशा कामगारांच्या आरोग्य नोंदी, कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर जपण्याचे आदेश दिले. अॅस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा कामगार भरपाईसाठीच्या कायदेशीर आजारांच्या यादीत आहे. जुनं ओळखपत्र, पगारपत्रक, ईएसआयचं कार्ड टाकून देऊ नका. धाप लागत असेल, छातीत पाणी झालं असेल आणि डॉक्टरांनी पूर्वी काय काम करत होता हे विचारलं नसेल, तर ते तुम्ही स्वतःहून सांगा.